उतारावर बैल सोडू नका



मध्यंतरी एका गावी रब्बीच्या बैठकीला गेलो होतो. ज्वारीच्या बीजप्रक्रियेवर बोलून झाले, हरभऱ्यावरील घाटे अळीचे झाले, चहा आला. तेवढ्यात नववीत शिकणारा एक मुलगा मोबाईल घेऊन जवळ आला. त्यात मोटारींची शर्यत चालली होती. तो म्हणाला, "साहेब, वळण आले की ही मोटार हळू होते, पण हळू होताना हिचे इंजिन जास्तच ओरडते. थांबायचे असेल तर इंजिन गप्प व्हायला नको का?"

पारावरची वडीलधारी मंडळी हसली. "साहेबांना खताचे विचार, मोटारीचे काय विचारतोस?" असे कोणीतरी म्हणालेही. मी मात्र हसलो नाही. या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे माझ्या हातून एकदा एका माणसाचे मोठे नुकसान झालेले आहे. ती हकिगत पुढे सांगतो. आधी पोराच्या प्रश्नाचे उत्तर पाहू, कारण ते उत्तर शर्यतीच्या मोटारीपाशी संपत नाही. ते तुमच्या-आमच्या उसाच्या ट्रॉलीपर्यंत येते.

बैलगाडी आठवा. चढावर बैल गाडी ओढतात, हे सर्वांनाच दिसते. पण उतारावर काय होते? गाडी मागून रेटते, जू मानेवर येते, आणि बैल मागचे पाय रोवून, पुठ्ठे मागे टाकून गाडी अडवून धरतात. तेथे ते ओढत नसतात, रोखत असतात. ओढणारा आणि रोखणारा एकच. उतार लागला, आता ओढायचे काम नाही, म्हणून बैल सोडून देणारा गाडीवान तुम्ही पाहिला आहे काय?

इंजिनाचेही तसेच आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आहे, अशा वेळी इंजिन चाकांना फिरवीत नाही, उलट चाकेच इंजिनाला फिरवितात. इंजिन फुकट फिरत नाही. त्याला फिरविण्यात गाडीचा जोर खर्च होतो आणि गाडी रोखली जाते. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात.

आता हा विरोध येतो कोठून? पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय उचलला की ती झडप मिटते. आत दट्ट्या खाली जाऊन हवा ओढू पाहतो, पण तोंडच बंद. सुई नसलेल्या रिकाम्या सिरिंजचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा मागे ओढून पाहा, हाताला कशी ओढ लागते ते कळेल. अशी ओढ प्रत्येक दट्ट्याला मिनिटात हजारो वेळा बसते. शिवाय कड्यांचे घर्षण, बेअरिंगचे घर्षण, तेलाचा आणि पाण्याचा पंप, ही सगळी ओझी असतातच.

आणि गिअर जितका खालचा, तितका हा विरोध मोठा. वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यास इंजिन थोडे फेरे घेते, खालच्या गिअरमध्ये पुष्कळ घेते. जितके फेरे जास्त, तितका चाकावरचा अटकाव जास्त. म्हणून शर्यतीतला चालक वळणाआधी ब्रेक दाबता दाबता भराभर गिअर उतरवितो. गाडी हळू होत असते, पण गिअर खाली आल्यामुळे इंजिनाचे फेरे पुन्हा पुन्हा वर चढतात. त्या पोराच्या कानावर पडला तो हाच आवाज.

यात एक खुबी आहे. गिअर उतरविला आणि क्लच तसाच धाडकन सोडला, तर चाकांना एकदम हिसका बसतो आणि मागची चाके रस्ता सोडून घसरतात. म्हणून क्लच सोडण्याआधी चालक अ‍ॅक्सिलरेटरला क्षणभर टिचकी देऊन इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळवून घेतो. जुन्या शर्यतीच्या मोटारींत हे पायानेच करावे लागे. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाची टाच अ‍ॅक्सिलरेटरवर! आताच्या मोटारींत हे काम संगणक करतो. आपल्याकडचे जुने मालमोटार चालक घाटात गिअर उतरविताना दोनदा क्लच दाबून मध्ये इंजिनाला थोडी चाल देत. तोच हा हिशेब.

शर्यतीच्या मोटारीचा मुख्य ब्रेक मात्र इंजिन नव्हे. फॉर्म्युला वन जातीच्या मोटारी ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात आणि वळणाआधी काही सेकंदांत खाली येतात. हे बहुतांशी चाकांच्या कार्बनच्या ब्रेकचे काम. त्या तबकड्या तापून लाल होतात. इंजिनाचा वाटा त्या मानाने लहान, पण त्यावर समतोल अवलंबून असतो. कारण या मोटारींत इंजिन फक्त मागच्या चाकांना जोडलेले असते, म्हणून त्याचा अटकावही फक्त मागच्या चाकांवर पडतो. ब्रेक दाबला की मोटारीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. अशा वेळी इंजिनाने फाजील रोखले तर मोटार गरकन फिरते. म्हणून इंजिनाने किती रोखावे, हे चालकाला स्टिअरिंगवरच्या बटनाने कमी-जास्त करता येते.

2014 पासून तर या मोटारींत मागच्या चाकांशी जोडलेले विजेचे यंत्र वेग कमी करताना डायनॅमोसारखे फिरते आणि वाया जाणारा जोर बॅटरीत साठविते. 2026 च्या नियमांनी या यंत्राची ताकद 120 किलोवॅटवरून 350 किलोवॅटपर्यंत वाढविली. 350 किलोवॅट म्हणजे सुमारे 470 अश्वशक्ती. आपले 45 अश्वशक्तीचे दहा ट्रॅक्टर एका ओळीत उभे करा, त्याहून थोडी जास्तच!

एवढे झाले पेट्रोलचे. पण आपला ट्रॅक्टर डिझेलचा, आणि डिझेलची गोष्ट वेगळी आहे. ती समजण्यासाठी क्लेसी कमिन्स या अमेरिकन माणसाची कथा ऐकण्यासारखी आहे. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी 1919 साली त्याने डिझेल इंजिनांची कंपनी काढली. हे नाव आपल्याला परके नाही. 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनी उभी राहिली, ती त्याच घराण्यातली.

त्या काळी डिझेल इंजिन म्हणजे जहाजावर नाही तर कारखान्यात बसवायचे अवजड धूड, असा समज होता. तो मोडण्यासाठी कमिन्सने 1931 साली इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत डिझेलवर चालणारी मोटार उतरविली. चालक होता डेव्ह इव्हान्स. ही मोटार काही पहिली आली नाही, तेरावी आली. पण 500 मैल, म्हणजे सुमारे 805 किलोमीटर, ती एकदाही न थांबता धावली! त्या शर्यतीत असे आधी कोणी केले नव्हते. बाकीच्या गाड्या वेगवान, पण तेल भरायला थांबत होत्या.

त्याच वर्षी कमिन्सने डिझेलचा ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत सारा देश ओलांडायचे ठरविले. बरोबर इव्हान्सही होता. प्रवास संपत आला असताना कॅलिफोर्नियात काहोन खिंडीचा लांब उतार लागला. ब्रेक तापले आणि निकामी झाले. ट्रक सुटला. पायथ्याशी रस्ता रेल्वेमार्ग ओलांडतो, आणि नेमकी त्या वेळी तेथून मालगाडी चाललेली! मालगाडीचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक त्याच्या मागून अगदी थोडक्यात निसटला. शर्यतीत जी मोटार 500 मैल थांबवावी लागली नाही, तिच्याच जातीचे इंजिन असलेला ट्रक आता थांबता थांबत नव्हता. कमिन्सच्या मनातून ही गोष्ट पुढे कधी गेली नाही.

डिझेलने ट्रक का रोखला नाही? पुन्हा ती सिरिंज घ्या. या वेळी तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली दाबा. जोर लागतो. पण दांडा सोडा, तो आपोआप वर उसळतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी सगळा जोर परत देते. जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर मिटणारी झडप नसते. दट्ट्या भरपूर हवा घेतो, दाबतो, आणि दाबलेली हवा लगेच त्याला परत ढकलते. घेतले आणि परत दिले, शिल्लक थोडी. रोखण्याचे काम उरते ते मुख्यतः घर्षणावर. म्हणजे 45 अश्वशक्तीचे इंजिन ओढताना पुरी ताकद लावील, पण रोखताना तिचा लहानसा हिस्साच देईल. हे वाक्य ट्रॅक्टरवाल्यांनी मनात कोरून ठेवावे.

कमिन्सला तोड सुचली ती कामातून निवृत्त झाल्यावर, 1950 च्या दशकाच्या अखेरीस. दट्ट्या हवा दाबून अगदी वर आला, की नेमक्या त्या क्षणी धूर जाण्याची झडप जरा उघडायची! दाबलेली हवा बाहेर उडून जाते, मग परत ढकलायला उरतेच काय? इंजिन असे ओझे ओढणाऱ्याचे ओझे अडविणारे होते. त्याच्या कंपनीच्या इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला ढकलणारा एक दांडा नेमका त्याच क्षणी वर येत असे, त्याचाच उपयोग त्याने झडप उघडण्यासाठी केला. ड्रिल यंत्राचे चक बनविणाऱ्या जेकब्स कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस हा ब्रेक बाजारात आणला. दाबलेली हवा सुटताना तडतड असा मोठा आवाज होतो. म्हणून अमेरिकेतल्या कित्येक गावांच्या वेशीवर हा ब्रेक वापरू नये अशा पाट्या लावलेल्या असतात. आपल्याकडच्या पुष्कळ मालमोटारींना आणि बसगाड्यांना याहून साधी सोय असते. धुराच्या नळीतली झडप मिटून इंजिनाचा श्वास कोंडायचा. तिला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात.

आपल्या ट्रॅक्टरला सहसा यातले काहीच नसते. मागे मात्र मालमोटारीएवढे ओझे असते. आता थोडा हिशेब करू. ट्रॅक्टर दोन टन, ट्रॉली दोन टन, ऊस सहा टन, एकूण दहा टन. एवढे ओझे फक्त दहा मीटर खोल उतरले, म्हणजे एका जुन्या वाड्याच्या उंचीइतके, तर जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात तीन लिटर थंड पाणी उकळेल. उतार पन्नास मीटरचा असेल तर पंधरा लिटर, एक मोठा हंडा. ही उष्णता कोठेतरी गेलीच पाहिजे. इंजिनाने आणि रस्त्याने काही घेतली तर ठीक, नाही तर सगळी ब्रेकच्या चार बोटे जाडीच्या भागात साठणार. तापलेल्या ब्रेकची पकड जाते. पेडल दाबले तरी ट्रॅक्टर ऐकत नाही. करपल्याचा वास आला म्हणजे समजा, हंडा उकळला.

आणखी एक. इंजिन मिनिटाला ठरावीक उष्णताच पचवू शकते. तोच उतार ताशी दहा किलोमीटरने उतरलात तर प्रत्येक मिनिटाला जेवढी उष्णता निघेल, त्याच्या तिप्पट ताशी तीसने उतरताना निघेल. म्हणून इंजिनाच्या जिवावर उतरायचे ते सावकाशच.

आता माझी हकिगत. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. बी. एस्सी. ॲग्रीची पदवी ताजी होती आणि आपल्याला सगळे कळते असा समज होता. एका शिबिरासाठी खताची पोती ट्रॉलीत भरून आम्ही निघालो. मी ट्रॅक्टरच्या पंख्यावर बसलो होतो, तीन मजूर पोत्यांवर. टेकडीचा उतार लागला तेव्हा चालकाने ट्रॅक्टर थांबवून खालचा गिअर टाकला. संध्याकाळ होत आली होती. मी म्हणालो, "अहो, उताराला कशाला गिअर? न्यूट्रल करा, डिझेलही वाचेल आणि लवकर पोचू." तो वयाने मोठा होता, पण मी साहेब. त्याने ऐकले.

निम्म्या उतारावर ब्रेकचा वास आला. त्याने गिअर टाकायची धडपड केली, दात किरकिरले, पण गिअर पडेना. वळणावर ट्रॉलीने मागून रेटले आणि ट्रॅक्टर-ट्रॉली अडकित्त्यासारखी मिटली. ट्रॉली चरात कलंडली. जीव कोणाचा गेला नाही, हे दैव. पण एका मजुराची मांडी पोत्यांखाली सापडून मोडली. तो आजही लंगडत चालतो. बाजारच्या दिवशी भेटला की तोच आधी रामराम घालतो आणि "साहेब, बरं हाय का?" विचारतो. चूक चालकाची नव्हती, माझी होती. हे मी त्याला सांगितले आहे, आणि आज तुम्हालाही सांगतो.

माझ्या त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. पहिली, मी उतारावर बैल सोडायला लावले. दुसरी, न्यूट्रलमध्ये डिझेल वाचते ही समजूतच खोटी. ट्रॅक्टर गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असेल आणि चाकेच इंजिनाला फिरवीत असतील, तेव्हा पंपातला गव्हर्नर डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. म्हणजे वाचते ते गिअरमध्ये! मी ज्याच्या लोभाने सांगितले, तेच खोटे होते.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

ज्या गिअरने तोच उतार भरल्या ट्रॉलीनिशी चढाल, त्याच गिअरने किंवा त्याच्या खालच्या गिअरने उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी, माथ्यावर थांबून टाका. मध्येच बदलू नका. बदलावाच लागला तर आधी ब्रेकने ट्रॅक्टर पूर्ण थांबवा, मग बदला.

हाताचा थ्रॉटल पूर्ण कमी करा. तो वर राहिला तर इंजिन रोखण्याऐवजी ओढू लागते.

उतारावर क्लच दाबू नका. क्लच दाबणे म्हणजे न्यूट्रलच. ब्रेकबरोबर क्लच दाबण्याची सवय पुष्कळांना असते, ती उतारावर घात करते. इंजिन बंद करून उतरणे तर सर्वस्वी वर्ज्य समजा.

इंजिन फारच ओरडू लागले, फेऱ्यांचा काटा लाल खुणेकडे गेला, तर ब्रेक नीट दाबून वेग खाली आणा आणि पाय काढा. पाय ब्रेकवर टेकवून सारखे घासत राहू नका. मध्ये मिळालेल्या उसंतीत ब्रेक निवतो.

शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावा. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो.

शर्यतीच्या मोटारीचे ते मागच्या चाकांचे दुखणे आपल्या ट्रॅक्टरलाही आहे. साध्या ट्रॅक्टरचे इंजिन मागच्या चाकांनाच रोखते. ओल्या मातीवर किंवा खडीवर ती घसरली तर ट्रॉली मागून रेटणारच. चार चाकी जोर असलेल्या ट्रॅक्टरवर उतार लागण्याआधी पुढची चाकेही जोडून घ्या, म्हणजे अटकाव चारी चाकांत वाटला जातो. आणि ट्रॉलीला तिचा स्वतःचा चालता ब्रेक असू द्या. नसेल तर ओझे कमी करा. दोन खेपा झाल्या तरी चालतील. दोन ट्रॉल्या जोडून उतार घेण्याचे धाडस करू नका.

भगिनींनो, एक काम तुमच्याकडे. ऊसतोडीला, लग्नाला, जत्रेला जाताना बायका-मुले ट्रॉलीत बसतात. ट्रॉली माणसांसाठी नाही, हे खरे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. निदान भरल्या मालावर कोणालाही बसू देऊ नका. आणि घरातला तरुण ट्रॅक्टर घेऊन निघाला, वाटेत उतार असला, तर शिदोरी देताना एवढेच विचारा, "गिअर कोणता टाकशील?" उत्तर आले नाही तर थोडा वेळ त्याला थांबवून ठेवा. माझ्या त्या संध्याकाळी असे विचारणारे कोणी असते तर बरे झाले असते.

त्या मुलाला मी पारावर एवढेच म्हणालो, "बाळ, ते इंजिन ओरडत नाही, ते बैलासारखे पाय रोवून मोटार अडवते आहे." तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "मग आमचे बाबा उताराला न्यूट्रल का करतात?" त्याचे वडील तेथेच बसले होते. या वेळी पारावर कोणी हसले नाही.